टकोबाचा डाव

१

मुलांना एखादी गंमत दुसऱ्यांदा दाखवू नये, असं माझं आता मत झालं आहे. एकदा दाखवली तर ती गंमत असते. परत दाखवली की तो घरचा कायदा होतो, आणि त्यानंतर कधी चुकलात तर तुमच्यावर खटला चालतो. वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच पांघरुणात झोपलेले असल्यामुळे निकाल काय लागणार हे सांगायला नको.

आमच्या घरचा कायदा टकोबाचा. मागे एका थंडीच्या सुट्टीत दोघी पोरी कंटाळून माझं डोकं खात होत्या, म्हणून मी टेबलाखाली हात घालून टकटक केली आणि चेहरा गंभीर ठेवून म्हणालो, "टकोबा आला वाटतं." झालं. तेव्हापासून सुट्टी लागली की टकोबा मुक्कामाला येतो. तो दिसत नाही. सकाळचं दूध-पाव आटोपलं की पोरींनी आपल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायचं. टकोबा घरात कुठेतरी टकटक करणार, मग त्यांनी धावत येऊन नुसत्या आवाजाच्या अंदाजाने ती जागा शोधायची. तिथे त्याने काहीतरी ठेवलेलं असतं. खोडरबर, केसांची पिन, गोळी, असलं काहीतरी.

टकोबा म्हणजे अर्थात मी आणि लाकडी उलथन्याचा दांडा.

माझं कामही आवाजाचंच आहे. मी कानाच्या दवाखान्यात लोकांना किती ऐकू येतं ते तपासतो. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्यामुळे कोणता आवाज कुठून आल्यासारखा वाटतो हे मला चांगलं कळतं आणि पोरींना चकवण्यात मी पटाईत झालो आहे. फ्रिजच्या पत्र्यावर टकटक केली की धाकटी हमखास न्हाणीघराकडे धावते.

धाकटीला आम्ही मुंगी म्हणतो. ती अजून पहिलीत आहे आणि टकोबावर तिचा पूर्ण विश्वास आहे. थोरलीला खरा प्रकार मागच्याच सुट्टीत कळला. मला बाजूला घेऊन तिने तसं सांगितलं, आणि वर दमही भरला, "मुंगीला सांगू नकोस हं. तिला खरं वाटतं." म्हणजे आता खेळ पाहणारी एक आणि खेळ सांभाळणारे दोघे, अशी वाटणी झाली होती.

बायको बेकरीत कामाला आहे. उजाडायच्या आत बाहेर पडते आणि दुपारी जेवायला घरी येते. मी निघालो की ती येईपर्यंत खालच्या मजल्यावरच्या बाई पोरींकडे बघतात. तिचं म्हणणं, "हौसेला मोल नाही हे खरं, पण तुला दवाखान्यात रोज उशीर होतोय. कर आता बंद." मी म्हणालो, ही सुट्टी संपू दे.

२

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी दाढी करत होतो. दवाखान्यातून फोन आल्यामुळे सकाळचं सगळं मागे पडलं होतं. पोरी आत उशीत तोंड खुपसून बसलेल्या आणि माझ्या अर्ध्या गालावर साबण. थांबा जरा, असं ओरडून सांगणार एवढ्यात धावण्याचा आवाज आला, चपलांचं कपाट खडखडलं आणि मुंगी आनंदाने किंचाळली.

मी टॉवेल घेऊन बाहेर आलो. तिच्या तळहातावर कागदात गुंडाळलेली एक संत्र्याची गोळी होती.

"कुठे होती?"

"चपलांच्या मागे. एकदम खाली. इतकी हळू टकटक केली त्याने, तरी मला कळलं."

थोरलीने माझ्या गालावरच्या साबणाकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि ओठ दाबून हसली. "मस्त होतं आजचं," ती मला जाता जाता म्हणाली.

मला वाटलं, बायकोने निघताना ठेवली असेल. पण ठेवली तिने असली तरी वाजवलं कोणी? मी बेकरीत फोन लावला. मागे पत्र्याचे ट्रे आपटत होते. "मी इथे कोपरापर्यंत पिठात आहे," ती म्हणाली. "मला कुठला टकोबा आणि कसलं काय. खालच्या बाईंनी ठोकलं असेल काहीतरी."

खालच्या बाई सारख्या भिंतींना खिळे ठोकत असतात हे खरं आहे. गोळी कधीतरी मीच ठेवून विसरलो असेन, हेही शक्य होतं. दोन कारणं हाताशी असल्यावर माणूस तिसरं शोधायला जात नाही. मी उरलेली दाढी केली.

फक्त मुंगीने ती गोळी मला भरवली तेव्हा ती मऊ लागली. त्या दिवशी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता, इतकं गार होतं. गोळी मात्र कोमट होती, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखी. मी ती बेसिनमध्ये थुंकून टाकली आणि मुंगीला छान होती म्हणालो.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर तयार झालो. पोरी खोलीत गेल्या. मी जागा ठरवली होती, मधल्या बोळातलं कपड्यांचं कपाट. ते जुनं आहे, जड आहे, त्याची फळी छान घुमते. खिशात मुंगीसाठी एक रंगीत खडू होता. मी दांडा उचलला आणि फळीजवळ नेला. अजून टेकवलाही नव्हता.

आतून टकटक झाली.

माझीच होती ती. म्हणजे माझी पद्धत. दोनदा पटपट, मग जरा थांबून एकदा. ती माझ्या हातासमोर नव्हती, बरीच खाली होती, गुडघ्याच्या उंचीला. फळी थरथरली ती मला बोटांच्या टोकांना जाणवली.

मी कपाट उघडलं. टांगलेले कपडे, खाली घडी केलेली पांघरुणं. कपडे हलत होते, पण दार ओढल्यावर कपडे हलणारच. लाकूड थंडीत आकसतं आणि कडकडतं हे मला माहीत आहे. ते दोनदा पटपट आणि मग थांबून एकदा कसं कडकडेल, याचा मी विचार करत होतो तेवढ्यात पोरी माझ्या अंगावर येऊन आदळल्या. मुंगी पांघरुणांत शिरली आणि तिने एक पिन बाहेर काढली. लाल, तिच्या आवडीची. ती मी आणलेली नव्हती.

"बाबा, टकोबा दिसला का तुला?" तिने विचारलं. "तू तर इथेच उभा होतास."

थोरली माझ्या हातातल्या दांड्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. बापाविषयी मुलीच्या डोळ्यांत कौतुक दिसण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. मला भीती वाटत होती आणि ती तिला दिसू नये एवढंच तेव्हा कळत होतं.

"नाही बुवा," मी मुंगीला म्हणालो, आणि थोरलीला डोळा मारला.

खडू माझ्या खिशातच राहिला.

४

कानांनी काम करणाऱ्या माणसाला पहिली शंका स्वतःच्या कानांची येते, आणि त्या शंकेचा आधारही वाटतो. कान बिघडले तर इलाज आहे. मी आमच्या डॉक्टरबाईंना म्हणालो, पेशंट नाहीत तोवर माझी एकदा तपासणी करा. त्या हसल्या. "स्वयंपाक्याला भूक लागली म्हणायची," त्या म्हणाल्या आणि मशीनपुढे बसल्या.

मी काचेच्या खोलीत गेलो. तिचं जाड दार लागलं की जगाचा आवाज मागे राहतो. लोकांना पहिल्यांदा तिथे आपला श्वास ऐकू येतो आणि ते दचकतात. मला सवय आहे. हेडफोन चढवले, बटण अंगठ्याखाली घेतलं, डोळे मिटले. आवाज आला, दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. सगळं नीट चाललं होतं.

दार उघडून बाई आत डोकावल्या. "बटण कशाला दाबतोयस?"

"आवाज आला म्हणून."

"मी अजून चहा पितेय," त्या म्हणाल्या. "मशीन सुरूच केलेलं नाही."

तेव्हा मला जाणवलं की मशीनचा आवाज शिट्टीसारखा असतो. मी ऐकला तो तसा नव्हता, आणि हेडफोनमधूनही आला नव्हता. तो खुर्चीच्या खालून, माझ्या पोटऱ्यांच्या मागून आला होता. मी खाली वाकून पाहिलं नाही. पाय वर उचलून घेतले, मग बाईंसमोर ते बरं दिसेना म्हणून परत खाली ठेवले.

खरी तपासणी झाली तेव्हा माझे कान ठणठणीत निघाले. "सुट्टी घे चार दिवस," बाई म्हणाल्या. मी घेतली.

५

घरी राहिल्यावर कळलं की टकोबा आता फक्त सकाळी येत नव्हता.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो तर मुंगी ओट्याखाली भिंतीला गाल लावून बसली होती. ती काहीतरी पुटपुटायची, मग श्वास रोखून थांबायची, मग मान डोलवायची.

"काय चाललंय?"

"बोलतेय टकोबाशी. मी विचारते, तो सांगतो. एकदा वाजवलं की हो."

"आणि नाही म्हणायचं असलं तर?"

तिला हा प्रश्न पडलाच नव्हता. "तो नाही म्हणत कधी," ती म्हणाली. "बाबा, शेवटच्या दिवशी लपायचा नंबर माझा आहे. तो मला जागा दाखवणार आहे. कोणाला सापडणार नाही अशी."

मी तिला उचलून बाहेर आणलं आणि जरा जोरातच बोललो, की खेळ संपला, टकोबा गावाला गेला, कोणी कुठे लपायचं नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. वाढदिवसाची सायकल कपाटामागे लपवलेली दिसत असताना बाप सायकल नाहीच म्हणतो, तेव्हाची ती नजर.

रागावलेला माणूस खरं बोलतो, हे पोरींना कोणीतरी शिकवायला हवं होतं. थोरली माझ्यामागे आली. "बाबा, तू फार भारी करतोस यावेळी," ती हळूच म्हणाली. "भिंतीतून कसं काढतोस आवाज? मला शिकव ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, मी नाही गं ते. पण ते तिला सांगितलं असतं तर तिला एकटीने बाथरूममध्येही जाता आलं नसतं, आणि मग मलाही. मला वाटलं, थोडेच दिवस राहिलेत, शाळा सुरू झाली की सगळं आपोआप थांबेल.

"मोठी झालीस की शिकवेन," मी म्हणालो.

बायकोला मात्र मी सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुला विश्रांती हवी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती की मला तिचं म्हणणं खरं मानावंसं वाटलं.

६

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी उलथनं वरच्या फळीवर टाकून दिलं आणि पोरींना पुन्हा बजावलं. मुंगी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. पिवळा स्वेटर घालून शहाण्यासारखी चित्रं काढत बसली. मी भांडी घासायला घेतली. नळ बंद केला तेव्हा घर शांत होतं. मुलं असलेल्या घरात शांतता ही चांगली बातमी नसते.

बाहेरच्या खोलीत थोरली उशीत तोंड खुपसून आकडे मोजत होती.

"मुंगी कुठाय?"

"बाबा, तूपण डोळे मीट. आपल्यावर राज्य आहे."

मी मुंगीला हाक मारली. पलंगाखाली पाहिलं, पडद्यांमागे, कपाटात, माळ्यावर, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. गॅलरीत गेलो आणि कठडा दोन्ही हातांनी धरून खाली वाकलो. खाली रस्ता रिकामा होता. दाराची वरची कडी आतून लागलेली होती. तिचा हात तिथवर पोहोचत नाही.

"थोरले, खेळ नाहीये हा. कुठे गेली ती?"

ती उठून बसली. "तूच दाखवलीस ना जागा? तिला म्हटलं, बाबांनी बंद केलंय. तर ती म्हणाली, टकोबाने आत्ताच पुन्हा हो म्हटलं. मला वाटलं, तुझा हा चकवा आहे. म्हणून मी मदत केली तिला."

"कसली मदत?"

"काही नाही. दिवा मालवला फक्त. बोळातला."

बोळातून टकटक आली. दोनदा पटपट, मग एकदा.

कपाटातून नाही. कपाटाच्या मागून. कपाटामागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे काही नाही, नुसती हवा, चौथ्या मजल्याची. मी दिवा लावला, कपाटाची कड धरली आणि ते ओढलं. ते माझ्याने कधी हलत नाही. त्या दिवशी हललं. फटीत जेमतेम माझा पंजा गेला असता. मी गाल भिंतीला लावून आत पाहिलं.

खाली, जमिनीलगत, कोणीतरी माझ्याकडे पाठ करून उकिडवं बसलं होतं. पंजा जेमतेम मावेल अशा फटीत पूर्ण पाठ होती, मणके दिसत होते. कोपर हळूहळू हलत होतं, बाळाला थोपटताना हलतं तसं. त्याच्या कुशीत काहीतरी पिवळं होतं.

मी ओरडून कपाट ओढलं. ते फरशीवर करकरत बाहेर आलं. मागे भिंत होती, ओल आलेली. त्या ओलीला आकार होता की नव्हता हे मी आज सांगू शकत नाही.

७

थोरली रडायला लागली होती. मला तशा अवस्थेत तिने कधी पाहिलं नव्हतं. मी भिंत मुठींनी बडवत होतो आणि मुंगीचं नाव घेत होतो.

"बाबा, हरलो म्हण," ती हुंदके देत म्हणाली. "हरलो म्हटलं की लपलेल्याला यावंच लागतं. मग राज्य देणाऱ्याने परत शोधायचं नाही. असंच आहे आमचं."

मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी भिंतीला कपाळ टेकवलं.

"हरलो," मी म्हणालो. "हरलो मी. सोड तिला."

मग आमच्या मागून, पोरींच्या खोलीतून, पावलं वाजली. मुंगी दारात उभी होती. पिवळा स्वेटर, विस्कटलेले केस, कानाला कोळिष्टक. त्या खोलीतला पलंग मी दोनदा उचलून पाहिला होता.

मी तिला इतकं घट्ट धरलं की तिने कुरकुर करायला हवी होती. तिने केली नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी तिला घेऊन तिथेच फरशीवर बसलो. कुठे होतीस, हे विचारायचं धाडस झालं नाही. मुलगी परत मिळालेल्या माणसाने फार चौकशी करू नये.

८

दुपारी बायको आली. तिने ताजा पाव आणला होता. कपाट बोळात आडवं पाहून ती म्हणाली, "घर उलटं करायचं होतं तर मला सांगायचं, मीही आले असते." मी सूप गरम केलं. चौघं जेवायला बसलो. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि सगळं इतकं नेहमीचं होतं की मला हसू यायला लागलं.

तेव्हा बोळातून आवाज आला.

ही टकटक नव्हती. कोणीतरी भिंत तळहाताने थापटत होतं. भराभरा, मध्येच थांबून, पुन्हा भराभरा. मुंगीला बोटं मुडपून दार वाजवता येत नाही. बाथरूमची कडी आतून अडकली की ती असंच थापटते.

थोरलीने पाव खाली ठेवला. तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकात चमचा होता, एकात पाव.

"बाबा," ती म्हणाली, "तू तर इथे आहेस."

"पाइप असेल," बायको म्हणाली. "जेवा."

"हो, पाइपच आहे," मुंगी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. सूप पीत होती, चमचा न वाजवता, एक थेंबही न सांडता.

थोरलीने आपली खुर्ची हळूहळू तिच्यापासून लांब सरकवली, माझ्या खुर्चीला टेकेपर्यंत. तिचा खांदा माझ्या दंडाला लागला.

मी उठलो. बोळात गेलो आणि भिंतीला कान लावला. जन्मभर मी लोकांचे कान तपासले. कोणाला किती बारीक ऐकू येतं ते मी सांगू शकतो, आणि मला फार बारीक ऐकू येतं. शब्द लागत नव्हते. पण प्रत्येक मूल रडताना श्वास घ्यायला आपापल्या जागी थांबतं, आणि या रडण्यात श्वास कुठे तुटणार ते मला तुटायच्या आधी कळत होतं.

थापटणं आता हळू होत चाललं होतं. मी भिंत फोडायला काय मिळतंय ते पाहायला वळलो.

मुंगी मागे उभी होती. तिने माझा हात धरला आणि मला भिंतीपासून बाजूला ओढलं. तिच्या हाताला जोर होता.

"हरलो म्हणालास ना," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आता शोधायचं नाही."